पैसे गेले किती आणि काम पदरात पडले किती?



ऊस नोंद आणि तोडणी कार्यक्रम मोबाईलवर आणण्याचे काम आपल्या कारखान्याने बाहेरच्या एका संगणक कंपनीकडे दिले आहे, हे आपणांस ठाऊक आहेच. लागणीची तारीख, उसाची जात, क्षेत्र, आडसाली की पूर्वहंगामी, सुरू की खोडवा, ही सगळी नोंद चिटबॉयने शेताच्या बांधावर उभे राहूनच करावी, तिच्यावरून तोडणीचा क्रम लागावा आणि वजनाची पावती सभासदाच्या मोबाईलवर यावी, असा बेत आहे. या कामावर शेतकी खात्याच्या वतीने लक्ष ठेवण्याची जबाबदारी प्रस्तुत लेखकाकडे आहे. लेखक शेतकी पदविकेचा माणूस, संगणकाचा नव्हे. पण जे पाहिले, वाचले आणि विचारून घेतले, ते सभासदांपुढे ठेवणे अगत्याचे वाटते, कारण पैसा आपल्या सर्वांचा आहे.

मागे एका गट बैठकीत या कामाचा विषय निघाला. अमुक इतका खर्च मंजूर, पैकी अमुक इतका झाला, असे सांगितल्यावर एक वडीलधारे सभासद उठले आणि म्हणाले, "सायेब, पैसं किती गेलं ते कळलं. काम किती झालं ते सांगा की!" बैठकीत हशा पिकला. परंतु त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. नेमका हाच प्रश्न जगातल्या मोठमोठ्या प्रकल्पांना गेली साठ वर्षे विचारला जात आहे आणि त्याच्या उत्तराची एक रीत ठरलेली आहे. तिला इंग्रजीत 'अर्न्ड व्हॅल्यू' म्हणतात. आपण तिला 'कमावलेले मूल्य' म्हणू.

आता हे कमावलेले मूल्य म्हणजे काय, ते ऊसवाल्याला सांगायला फार वेळ लागत नाही. तोडणीचा मुकादम हंगामापूर्वी उचल घेतो. हंगामाचे निम्मे दिवस सरले आणि उचलीतला निम्मा पैसा वाटून झाला, एवढ्यावरून मुकादमाचे बरे चालले आहे असे कोणी म्हणेल काय? आपण लगेच विचारतो, टन किती घातले? काट्यावर जेवढे टन उतरले, त्यांना ठरलेल्या दराने गुणायचे. ती रक्कम त्याने खरोखर कमावली. उचल आणि ही कमाई शेजारी शेजारी मांडली की टोळी फिटणार की बुडणार, हे जानेवारीतच दिसते. मार्चची वाट पाहावी लागत नाही.

म्हणजे आकडे तीन लागतात. आजच्या तारखेपर्यंत ठरल्याप्रमाणे किती रुपयांचे काम व्हायला हवे होते, हा पहिला. प्रत्यक्ष किती रुपये गेले, हा दुसरा. आणि जेवढे काम खरोखर पुरे झाले, त्याची मूळ अंदाजपत्रकातल्या दराने होणारी किंमत, हा तिसरा. बहुतेक अहवालांत पहिले दोनच आकडे असतात. दहा लाख खर्च व्हायचे होते, दहा लाख झाले, सबब सारे ठीक! वास्तविक या दोन आकड्यांत कामाचा पत्ताच नसतो. दहा लाख जाऊन भिंत चार फूटच उभी राहिलेली असू शकते.

ही रीत आली कोठून?

कारखान्यांत मजुराचे काम मोजण्याचा प्रघात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होता. तोच धागा धरून अमेरिकन हवाई दलाने १९६० नंतरच्या काळात 'मिनिटमॅन' या क्षेपणास्त्राच्या कामावर कमावलेल्या मूल्याचा हिशेब ठेवला. १९६७ साली तेथील संरक्षण खात्याने मोठ्या कंत्राटदारांसाठी याचे ३५ निकष घालून दिले. पुढे २०१८ मध्ये या विषयावर आंतरराष्ट्रीय मानकही निघाले. पण हा सगळा हिशेब अशा कामासाठी होता ज्याचा नकाशा आधी पक्का असतो. धरण घ्या, पूल घ्या, आपला बॉयलर घ्या. किती खोदायचे, किती ओतायचे, हे पहिल्या दिवशी कागदावर असते.

संगणकाच्या कामाचे तसे नसते. काय हवे आहे हे वापरणाऱ्याला निम्मे काम पाहिल्यावर सुचते. म्हणून फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड या ठिकाणी १७ जाणकार जमले आणि त्यांनी कामाची एक निराळी पद्धत जाहीर केली. तिचे नाव 'अ‍ॅजाइल'. सारे काम एकदम न ठरवता लहान लहान तुकडे पाडायचे, पंधरवड्या-पंधरवड्याने थोडे थोडे पुरे करायचे, वापरणाऱ्याला दाखवायचे आणि त्याच्या सांगण्यावरून पुढचा क्रम बदलायचा. एकेका पंधरवड्याला 'स्प्रिंट' म्हणतात. प्रगतीचे मुख्य माप म्हणजे चालणारा प्रोग्रॅम, हे या मंडळींचे एक तत्त्वच आहे. आपल्या सभासदांची जी मुले-मुली पुण्याला हिंजवडीत किंवा मगरपट्ट्यात कामाला आहेत, त्यांच्या घरी हे शब्द रोजचे आहेत.

मग प्रश्न असा आला की ज्या कामाचा नकाशाच बदलत राहतो, त्याचे कमावलेले मूल्य काढायचे कसे? २००६ साली सुलेमान, बार्टन आणि ब्लॅकबर्न या तिघांनी त्याचे एक सोपे गणित मांडले. तेच आपण पाहू.

पॉइंट म्हणजे काय?

अ‍ॅजाइलमध्ये प्रत्येक तुकड्याला तास किंवा दिवस न लावता पॉइंट देतात. हे काम त्या कामाच्या दुप्पट जड, एवढेच ठरवायचे. आपला अनुभवी शेतकरी उभा फड पाहून सांगतो, "हा प्लॉट त्या वरच्या प्लॉटच्या दीडपट निघेल." नेमके टन त्याला सांगता येत नाहीत, पण तुलना सहसा चुकत नाही. पॉइंटांचे तसेच आहे. पुष्कळ ठिकाणी १, २, ३, ५, ८, १३ असेच आकडे वापरतात, म्हणजे मोठ्या कामाच्या अंदाजात उगाच बारीक घासाघीस होत नाही. (हीच अंकमाला छंदातील मात्रा मोजताना आपल्याकडे बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी सांगितली होती. परदेशात ती फिबोनाची याच्या नावाने ओळखली जाते. असो.)

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. एका टोळीचा पॉइंट दुसऱ्या टोळीच्या पॉइंटाशी ताडून पाहू नये. तो एकर नव्हे की टन नव्हे. त्या त्या कंपनीच्या त्या त्या मंडळींनी आपल्यापुरता धरलेला तो अंदाज आहे.

आता हिशेब करू. पुढील आकडे समजण्यास सोपे जावे म्हणून धरलेले आहेत, ते आपल्या कामाचे नाहीत. समजा, एका कारखान्याने असेच काम दिले. एकूण २४० पॉइंट, खर्च २४ लाख रुपये, मुदत १२ पंधरवडे. काम १ एप्रिलला सुरू, म्हणजे सप्टेंबरअखेर तयार. गाळप नोव्हेंबरात सुरू होणार असेल तर चिटबॉयना शिकवायला महिनाभर मिळतो. बेत उत्तम.

जूनच्या मध्याला पाच पंधरवडे झाले. बारापैकी पाच, म्हणजे १०० पॉइंट व्हायला हवे होते, त्यांची किंमत १० लाख. प्रत्यक्ष खर्च ११ लाख. संचालक मंडळापुढे एवढेच गेले तर कोणी फारसे मनावर घेणार नाही. एखादा लाख इकडे तिकडे व्हायचाच. पण पुरे झालेले पॉइंट मोजले तर ते निघाले ७२. २४० पैकी ७२ म्हणजे ३० टक्के. २४ लाखांचे ३० टक्के म्हणजे ७ लाख २० हजार. हे झाले कमावलेले मूल्य.

आता दोन भागाकार. ७ लाख २० हजारांना ११ लाखांनी भागा, साडेपासष्ट पैसे येतात. म्हणजे खर्चलेल्या प्रत्येक रुपयात साडेपासष्ट पैशांचेच काम पदरात पडले. ७ लाख २० हजारांना १० लाखांनी भागा, ०.७२ येतात. म्हणजे शंभर दिवसांत बहात्तर दिवसांचेच काम उरकते आहे.

काम याच चालीने गेले तर शेवटी काय होईल? २४ लाखांना ०.६५४५ ने भागले तर ३६ लाख ६७ हजार होतात. बारा पंधरवड्यांना ०.७२ ने भागले तर पावणेसतरा पंधरवडे भरतात. एप्रिलपासून मोजा, डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडतो. त्या वेळी गव्हाण भरलेली असते, फडात कोयते चालू असतात आणि तोडणीचा क्रम धड जुन्या रजिस्टरवर नाही की नव्या मोबाईलवर नाही, अशी अवस्था होते. आडसालीचा क्रम चुकून तो मागे राहिला तर तुरा येतो आणि वजन घटते. ते नुकसान संगणक कंपनीचे होत नाही, ज्याचा ऊस उभा राहिला त्याचे होते.

म्हणूनच हा हिशेब जूनच्या मध्याला हाती येणे मोलाचे आहे. अजून साडेतीन महिने शिल्लक असतात. कमी गरजेची कामे पुढच्या वर्षावर टाकता येतात, किंवा एका गटापुरतेच नवे चालू करून बाकीच्या गटांत रजिस्टर ठेवता येते.

अमेरिकेतील एक खटले

हे कागदी गणित आहे, प्रत्यक्षात इतके सरळ थोडेच असते, असे कोणाला वाटेल. म्हणून घडलेली एक हकिकत सांगतो. तिचे आकडे अमेरिकन सरकारच्या तपासणी अहवालांतून प्रसिद्ध झालेले आहेत.

अमेरिकेची केंद्रीय तपास संस्था एफबीआय. तिच्या तपासाची कागदपत्रे संगणकावर आणण्याचा पहिला प्रयत्न २००५ साली सोडून द्यावा लागला. त्यात सुमारे १७ कोटी डॉलर गेले. मग २००६ मध्ये 'सेंटिनल' या नावाने दुसरा प्रकल्प निघाला आणि त्याचे काम लॉकहीड मार्टिन या बड्या कंपनीला दिले. काम जुन्या धर्तीचे, चार टप्प्यांत पुरे करायचे. मंजूर खर्च पुढे वाढून ४५ कोटी १० लाख डॉलर झाला. २०१० च्या ऑगस्टपर्यंत त्यापैकी सुमारे ४० कोटी ५० लाख गेले होते, आणि चारपैकी दोनच टप्पे हाती आले होते.

आपण आत्ता शिकलेले गणित येथे लावून पाहा. टप्पे सारख्या वजनाचे नव्हते, तेव्हा हा ढोबळच हिशेब समजावा. निम्मे काम म्हणजे सुमारे साडेबावीस कोटींचे कमावलेले मूल्य. खर्च साडेचाळीस कोटी. एका डॉलरला छप्पन्न सेंट. याच चालीने काम पुरे व्हायचे तर एकूण ८१ कोटी लागतील, असे निघते. तेव्हा मायटर या संस्थेकडून स्वतंत्र पाहणी करून घेण्यात आली होती. जुन्याच पद्धतीने पुढे गेल्यास आणखी किमान ३५ कोटी १० लाख डॉलर आणि सहा वर्षे लागतील, असा तिचा अंदाज आला. म्हणजे एकूण साडेपंच्याहत्तर कोटींच्या वर. तज्ज्ञांनी काढलेला आकडा आणि वहीच्या मागच्या पानावर दोन भागाकार करून निघालेला आकडा एकाच शिवारातले आहेत. लेखकाला ही गोष्ट फार बोलकी वाटते.

२०१० च्या सप्टेंबरात एफबीआयने काम स्वतःच्या हाती घेतले. माणसे पुष्कळ कमी केली, अ‍ॅजाइल पद्धत धरली आणि दोन-दोन आठवड्यांच्या स्प्रिंटा लावल्या. उरलेल्या पैशांत बारा महिन्यांत पुरे करू, असे म्हणाले. तसे झाले नाही. २०११ चा सप्टेंबर गेला, मुदत पुन्हा पुन्हा वाढली आणि अखेर १ जुलै २०१२ रोजी ते सर्वांसाठी सुरू झाले. तेव्हा अ‍ॅजाइल म्हणजे जादूची कांडी, असे कोणी समजू नये. फरक पडला तो एवढाच की दर पंधरवड्याला किती पॉइंट ठरले होते आणि किती झाले, हे डोळ्यांसमोर राहू लागले. उशीर झाला, पण अंधारात झाला नाही. सहा वर्षांच्या जागी पावणेदोन वर्षांत काम उभे राहिले, हेही खरे.

'पुरे झाले' कशाला म्हणायचे?

या रीतीची सारी मदार एका शब्दावर आहे. ७२ पॉइंट पुरे झाले म्हणजे काय झाले? येथे फसगत होऊ शकते.

फडात तोडून पडलेला ऊस टनात धरीत नाही. मोळ्या बांधल्या, गाडी भरली, गाडी नंबराला उभी आहे, तरी टन शून्य. काट्यावर वजन होऊन पावती फाटली की टन. संगणकाच्या कामालाही हाच काटा लावला पाहिजे. लिहून झाले पण तपासले नाही, शून्य. कंपनीच्या कार्यालयात चालले पण शेतात रेंज नसताना बंद पडले, शून्य. चिटबॉयने बांधावर उभे राहून नोंद केली, ती गट कार्यालयात बरोबर उमटली आणि शेतकी खात्याने पसंत केली, तर पूर्ण पॉइंट. अधलेमधले काही नाही. "नव्वद टक्के झाले आहे" हे वाक्य या धंद्यात फार ऐकू येते. पुढच्या पंधरवड्यातही ते नव्वदच असते. अर्धवट कामाला अर्धे गुण द्यायची सवय लागली की कमावलेले मूल्य कागदावर फुगते आणि शेवटच्या महिन्यात एकदम फुटते.

दुसरी पळवाट अशी. पॉइंटांवरच बोलणी बसणार म्हटल्यावर काल तीन पॉइंटांचे असलेले काम आज पाचाचे होते. माप हेच उद्दिष्ट झाले की माप बिघडते. 'पॉइंट बहुधा मीच काढले असावेत आणि काढले असतील तर आता त्याचे वाईट वाटते' अशा अर्थाचे उद्गार रॉन जेफ्रीज या अ‍ॅजाइलच्या सतरांपैकी एका गृहस्थांनी काढले, त्यामागे हीच खंत आहे. उपाय एकच. पॉइंट काम सुरू करण्यापूर्वी, दोन्ही बाजूंची माणसे बसून ठरवायचे आणि त्या कामाचा आकडा मागाहून हलवायचा नाही.

तिसरी गोष्ट आपल्याच अंगावर येते. काम चालू असताना आपण नवीन मागण्या करतो. ठिबकची नोंद पण घ्या, माती परीक्षणाचा अहवाल पण दिसू द्या, खताच्या उधारीचे पण बसवा. मागण्या रास्त आहेत, पण त्यांना पॉइंट लागतात. वरच्या उदाहरणात एकूण २४० चे ३०० झाले आणि पैसे मात्र २४ लाखच राहिले, तर तेच ७२ पॉइंट आता २४ टक्के होतात. कमावलेले मूल्य ७ लाख २० हजारांवरून ५ लाख ७६ हजारांवर येते. कंपनीने काहीही न बिघडवता तिचा आकडा घसरतो! हे अन्यायाचे वाटले तरी खोटे नाही, कारण चालायची वाट लांबली. मग एक तर वाढीव कामाला वाढीव पैसे आणि दिवस द्यावेत, नाही तर नवे घ्यायचे तेवढे जुने खाली उतरवावे. आपल्याकडे हे ठरवणारा धनी म्हणजे शेतकी खाते. सभासदांच्या मागण्या गट कार्यालयात लिहून घेतल्या जात आहेत, पण प्रत्येक मागणीपुढे पॉइंट लिहिल्याशिवाय ती कंपनीकडे जाणार नाही, असे खात्याने ठरविले आहे. याबद्दल काही मंडळींनी नाराजी दाखवली. नाराजी सोसू, पण डिसेंबर सोसवणार नाही.

आणखी एक सांगितले पाहिजे. 'कमावलेले मूल्य' या नावात मूल्य हा शब्द असला तरी सभासदाला फायदा किती झाला, हे त्यातून कळत नाही. ती फक्त झालेल्या कामाची अंदाजपत्रकी किंमत आहे. टन आणि उतारा यांत जो फरक, तोच येथे. टनेज भरपूर, पण उतारा नाही, तर साखर कोठून येणार? रंगीत चित्रांचे पान आठ पॉइंटांचे असेल आणि वजनाची पावती मोबाईलवर पाठवण्याचे काम पाचाचे. हिशेबात पहिले मोठे दिसते, सभासदाला दुसरे हवे असते. म्हणून क्रम लावताना पावती, तोडणीचा क्रम आणि लागणीची नोंद ही तीन कामे वर घेतली आहेत. चित्रे सर्वांत शेवटी, पैसे उरल्यास.

कार्यकारी संचालक साहेबांच्या संमतीने असे ठरले आहे की येत्या महिन्यापासून दर पंधरवड्याला प्रत्येक गट कार्यालयाच्या फळ्यावर या कामाचे चार आकडे लावायचे: ठरलेल्या कामाची किंमत, झालेला खर्च, कमावलेले मूल्य आणि याच चालीने काम पुरे होण्याची तारीख. एकूण पॉइंट बदलले असल्यास जुना व नवा असे दोन्ही आकडे लिहिले जातील. दर पंधरवड्याच्या शेवटी पुरे झालेले काम पाहण्यासाठी प्रत्येक गटातून दोन सभासद बोलावण्यात येतील. मोबाईल चांगला चालवता येणारा एक आणि अजिबात न येणारा एक, अशी जोडी असावी. ज्यांची तयारी असेल त्यांनी आपली नावे गट कार्यालयात द्यावीत. फळ्यावरचे आकडे उलगडत नसल्यास चिटबॉयला विचारावे. वरचे दोन भागाकार सर्व चिटबॉयकडून करून घेतले आहेत.

— ऊस विकास अधिकारी